थंड हवेची हौस

"मामा, एअर इंटेक बदलतो, मग बघ गाडी कशी पळते!" कर्ज काढून जुनी स्पोर्ट्स कार घेतलेला माझा भाचा म्हणाला. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. पण कागद वाचायची सवय, म्हणून माहितीपत्रक नीट वाचलं.

तत्त्व खरं आहे. हवा १० अंश सेल्सिअसने थंड झाली की सुमारे ३ टक्के दाट होते, म्हणजे प्राणवायूही तेवढा जास्त. पण बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. वाढतो तो आवाज, आणि आवाजालाच आपण ताकद समजतो! कंपनीचा मूळ डबा तर बहुतेक गाड्यांत बाहेरचीच हवा घेतो. नळी खाली बंपरमागे नेली तर हवा थंड मिळेल. पण आपल्या गोव्यातल्या पावसाचं काय? साचलेलं पाणी आत ओढलं गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो नि इंजिन कामातून जातं.

म्हणून माझं मत: घ्यायचाच तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला, बंद डब्याचा, तोंड उंचावर असलेला घ्यावा. नाहीतर मूळ फिल्टर वेळेवर बदलावा.

भाचा सध्या रुसलाय. असो. हप्ते अजून तीन वर्षं भरायचेत त्याला.