परदेशी पोरांचे मंडळ



नसरापूरच्या आमच्या आळीतली एक मुलगी शिकायला इंग्लंडला निघाली आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत तिची निवड झाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या मुलामुलींसाठी राज्यभरात मिळून 75 जागा, त्यातली एक आमच्या आळीत आली. पेढे वाटून झाले, हारतुरे झाले. पण तिची आई भेटेल तिथे एकच विचारते, "दादा, तिथं पोरीचं कोन हाय?"

या प्रश्नाने आम्हाला 2000 साल आठवले. तेव्हा आम्ही पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्यात खोली शोधून थकलो आणि अखेर एस.टी.चा पास काढला. पहाटे चेलाडी फाट्यावर उभे राहायचे, स्वारगेटला उतरायचे आणि पुढे पायी कॉलेज. वर्गात मागच्या बाकावर सुदानचा एक मुलगा बसायचा. महिनाभर त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. आम्हीही मागच्याच बाकावरचे, त्यामुळे ओळख झाली.

त्यालाही खोली मिळत नव्हती. फोनवर घरमालक 'या' म्हणायचे आणि दारात त्याला पाहिले की खोली 'कालच गेली' असायची. हे वाक्य आमच्या चांगल्या ओळखीचे होते. आम्हाला ते आडनाव सांगितल्यावर ऐकायला मिळे. त्याला आडनाव सांगायचीही गरज पडत नसे.

मात्र खरे ते सांगितले पाहिजे. सगळेच घरमालक रंग पाहून नाही म्हणत नव्हते. परदेशी माणूस घरात ठेवला की 24 तासांत पोलिसांना लेखी कळवावे लागते. पोलीस म्हटले की साधा माणूस बिचकतो. शिवाय 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत त्या विद्यार्थ्याने स्वतःची नोंदणी करायची. आता हे अर्ज संगणकावर होतात. तेव्हा रांगेत उभे राहावे लागे. त्या मुलाबरोबर आम्ही दोन दिवस रांगेत काढले. फॉर्म भरणे हा पुढे आमचा पोटाचा धंदा झाला, त्याची शिकवणी तिथेच झाली म्हणा ना!

त्याच रांगेत येमेन, इराण, केनिया, मॉरिशस अशा देशांची पोरे भेटली. एक सहृदय प्राध्यापक मिळाले आणि विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली पंधरा-सोळा जणांची बैठक बसली. पुणे विद्यापीठाला तेव्हा सावित्रीबाईंचे नाव मिळालेले नव्हते, ते 2014 साली मिळाले. मंडळ काढायचे ठरले. आम्ही बी.कॉम.चे, म्हणून वही आमच्या हाती आली. वर्गणी महिना पाच रुपये.

असे मंडळ काढणारे पुण्यात आम्ही काही पहिले नव्हतो. ती गोष्ट प्राध्यापकांनी त्या दिवशी सांगितली. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून काही आत देताना त्यांना दिसली. आधी संशयच आला. चौकशी केली तर आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि ती त्याला जेवण पोचवीत होती. परक्या मुलखात आजारी पडलेल्या पोराला विचारणारे कोणी नाही, हे त्यांच्या मनाला लागले. त्यातून 1971 साली 'सिंबायोसिस' निघाली, ती परदेशी विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक केंद्र म्हणून. कॉलेजे मागाहून आली. नाव वनस्पतिशास्त्रातले, अर्थ सहजीवन. पुढे माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू, त्यांचे व्हायोलिनसुद्धा, याच संस्थेच्या सेनापती बापट रस्त्यावरील संग्रहालयात जपल्या गेल्या. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

आमच्या मंडळात पहिलेच भांडण झाले ते कार्यक्रमावरून. काही स्थानिक मुलांना स्टेजवर प्रत्येक देशाचा नाच हवा होता. केनियाची एक मुलगी उठून म्हणाली, "नाचायला बोलावता, टाळ्या वाजवता आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शेजारी बसत नाही." सगळे गप्प झाले. ती अगदी बरोबर होती असे आमचे आजही मत आहे. फोटो नाचाचे छापून येतात, पण पोराचे वर्ष वाचते ते वेळेवर भरलेल्या फॉर्मने. मग ठरले की आधी खोली, नोंदणी आणि दवाखाना, नाच ज्याला हौस असेल त्याने करावा.

दिवाळीच्या सुट्टीत सातजण नसरापूरला आले. बनेश्वरच्या बनात हिंडले, धबधबा पाहिला आणि दुपारी आमच्या दोन खोल्यांत जेवायला बसले. तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी आणि पिठले. आई चुलीवर पिठले हाटत होती, तर त्या केनियाच्या मुलीने पळी मागून घेतली. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचे उगाली असेच हाटतात म्हणे. एक गुठळी राहू दिली नाही तिने! आई म्हणाली, "माझ्या सुनंला येवडं यायला पायजे." सून तेव्हा ठरायचीच होती. (आता आहे, आणि हे वाचणारही आहे.)

सुदानचा मुलगा भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होता. "हे तुझे आजोबा?" आम्ही सांगितले, हे बाबासाहेब. 1913 साली तुझ्यासारखेच परदेशी विद्यार्थी होते, न्यूयॉर्कला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड. त्याने लगेच विचारले, "तिथे त्यांना खोली कोणी दिली?"

आम्हाला माहीत होते तेवढे सांगितले. आधी हार्टली हॉल हे कोलंबिया विद्यापीठाचे वसतिगृह. तिथले जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, जिथे काही हिंदी विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल, जोडीला नवल भथेना हा पारशी मित्र. ती मैत्री जन्मभर टिकली. आणि एवढे शिकून 1917 साली ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्याच देशात, पारशांच्याच धर्मशाळेतून त्यांना सामानासह बाहेर काढले गेले.

पोरगा बराच वेळ भाकरी हातात धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांचीही खोली 'कालच गेली' होती."

आईला अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही, तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दोन महिन्यांनी त्याला धनकवडीत खोली मिळाली. पोलिसांना द्यायचा कागद घरमालकाच्या समोर बसून आम्हीच भरला, तेव्हा कुठे तो माणूस तयार झाला.

वर्षअखेर हिशेब मांडला. जमा-खर्च जाता 38 रुपये शिल्लक. त्याचा चहा प्यावा असा ठराव आला होता, तो एका मताने पडला. जूनमध्ये येमेनचा एक नवा मुलगा पुणे स्टेशनवर उतरला. त्याला आणायला सुदानचा मुलगा गेला होता. ते 38 रुपये रिक्षाला गेले.

ती वही अजून आमच्याकडे आहे.