कचरापेटीतले ६० दिवस

शाळेच्या ग्रुपवरच्या व्हिडिओंनी मोबाइल भरला, म्हणून ईदनंतर मी गुगल फोटोजमधून जुने फोटो पुसले. वर खात्यात कॉपी आहेच, फोनमधली गेली तर गेली, असा माझा हिशेब. पण बॅकअप चालू असताना तिथे फोटो डिलीट केला, की तो फोन आणि खाते दोन्हींतून जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. माझ्या लक्षात आले तेव्हा तिसरा महिना संपत होता. त्यात मरहूम अब्बांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते.

बहिणींनो, जागाच करायची तर त्याच ॲपमधले ‘फ्री अप स्पेस’ वापरा. ते फक्त फोनमधली प्रत काढते. आणि फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून असते. ती भरली, की नवे फोटो वर चढत नाहीत.

आता उन्हाळी सुट्टीत केबल लावून सगळे दोन हार्ड डिस्कवर उतरवते, चार-दोन फोटो उघडून बघते. एक डिस्क निकाहनाम्याच्या फाइलीशेजारी, दुसरी आपाच्या घरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवून काय उपयोग?

आपाच्या व्हॉट्सॲपवर अब्बांचे अकरा फोटो सापडले. दोन हललेले आहेत. तेही ठेवलेत.