विश्लेषण : कूलंटची गळती एम-सीलने थांबते का?

गाडी उभी असते तिथे सकाळी हिरवट किंवा गुलाबी पाण्याचा डाग दिसतो. बॉनेट उघडले की गोडसर वास येतो. कूलंटच्या बाटलीतील पातळी दर आठवड्याला थोडी खाली गेलेली असते. येडगावसारख्या गावात, जिथे गाडी सकाळी नारायणगावच्या बाजारात जाते आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन निघते, तिथे यावर ठरलेला उपाय असतो : तड्यावर एम-सील दाबायचे, वरून बाटलीभर पाणी ओतायचे आणि गाडी काढायची. दोन दिवस गळती थांबतेही. मात्र हाच उपाय पुढे इंजिनाच्या मोठ्या खर्चाचे कारण ठरतो. तडा नेमका कशाला जातो, एम-सील का टिकत नाही आणि खरी दुरुस्ती गावातल्या माणसाला का मिळत नाही, हे समजून घ्यायला हवे.

कूलंट नेमके काय करते?

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायने यांचे ते मिश्रण असते. इंजिनाभोवती फिरून ते उष्णता उचलते आणि रेडिएटरमध्ये ती हवेला देऊन परत फिरते. चालत्या इंजिनात कूलंटचे तापमान साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस असते.

येडगाव-जुन्नर परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० ते ७०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी १०० नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे साधे पाणी इंजिनाच्या रोजच्या तापमानालाच उकळू लागेल. ते उकळू नये यासाठी दोन सोयी केलेल्या असतात. पहिली सोय ग्लायकॉलची. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असेल, तर उत्कलनबिंदू सहा-सात अंशांनी वाढतो. दुसरी सोय झाकणाची. ही यंत्रणा प्रेशर कुकरसारखी बंद असते आणि झाकण आत साधारण एक बार इतका जादा दाब धरून ठेवते. दोन्ही मिळून उत्कलनबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो.

म्हणूनच तडा बारीक असला तरी नुकसान दुहेरी होते. कूलंट तर जातेच, शिवाय दाबही जातो. बाटली भरलेली दिसत असली, तरी दाब टिकत नसेल तर घाटात कूलंट उकळू शकते.

तडा प्लास्टिकलाच का जातो?

पूर्वीच्या जीप, अॅम्बेसेडर किंवा कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि तिच्या दोन टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक साधे नाही. काचेचे तंतू मिसळलेले ते नायलॉन असते. कूलंटची बाटली बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. थर्मोस्टॅटचे घर आणि पाइप जोडणारे छोटे सांधेही अनेक गाड्यांत प्लास्टिकचेच असतात. प्लास्टिक हलके, स्वस्त आणि साच्यातून हव्या त्या आकारात निघणारे असल्याने कंपन्यांनी ते स्वीकारले.

पण प्लास्टिक म्हातारे होते. रोज तापणे आणि थंड होणे, आतला दाब, गरम पाणी व ग्लायकॉलचा सततचा संपर्क यांमुळे काही वर्षांत ते ठिसूळ होते. तडा बहुधा जिथे ताण जास्त तिथे पडतो : पाइप बसतो त्या नळीच्या मुळाशी, साच्याच्या सांध्यावर किंवा झाकणाच्या आट्यांजवळ. अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जोडावरचे रबर गॅस्केटही सैल होते. क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली, तरी जुनी नळी चिरते.

बोअरच्या पाण्याचाही यात वाटा असतो. त्यातील क्षार गरम पृष्ठभागावर साचतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात आणि इंजिन जास्त तापू लागते. कूलंटमधली गंजरोधक रसायनेही प्रत्येक वेळी ओतलेल्या पाण्याने पातळ होत जातात.

डाख चालायचा, मग एम-सील का नाही?

पितळी रेडिएटर गळू लागला की रेडिएटरवाला तो उतरवायचा, साफ करायचा आणि डाख द्यायचा. डाख धातूशी एकजीव होत असे आणि वर्षानुवर्षे टिकत असे. ‘गळते तिथे बुजवा’ ही सवय त्या काळातली आहे आणि त्या काळी ती बरोबरही होती. धातू बदलला, सवय मात्र तशीच राहिली.

प्लास्टिकवर एपॉक्सी वरून चिकटते, एकजीव होत नाही. पॉलिप्रॉपिलीनवर तर बहुतेक गोंद धड चिकटतच नाहीत. नायलॉनवर चिकटले, तरी तड्यात मुरलेले कूलंट पकड कमकुवत करते. त्यात आतून दाब ढकलत असतो आणि प्रत्येक फेरीत टाकी फुगते-आकसते. लेप कडकच राहतो, खालचे प्लास्टिक हलते आणि कड सुटते. शिवाय तडा लेपाखाली पुढे सरकत राहतो, तो दिसत नाही. घरातल्या नळावर जे एम-सील वर्षानुवर्षे टिकते, ते इथे हरते, कारण हे कामच त्याचे नाही.

गळती थांबवणारी बाजारातली ‘स्टॉप लीक’ पावडर किंवा द्रव याहून फसवे असते. ते तडा आणि रेडिएटरची बारीक नळी यांत फरक करत नाही. हीटरची जाळी त्यामुळे चोंदू शकते.

कुकडीच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आवर्तन सुरू असताना कालव्याला भगदाड पडले, तर वाळूची पोती टाकून वेळ निभावतात. त्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाही. एम-सील म्हणजे तीच पोती. गाडी घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेण्यासाठी ते ठीक आहे. हंगामभर त्यावर विसंबणे ठीक नाही.

धोका किती मोठा?

कूलंट कमी झाले की इंजिनाचे हेड आधी तापते. अॅल्युमिनियमचे हेड वाकले की हेड गॅस्केट जाते. मग कूलंट ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. तरीही गाडी रेटली, तर इंजिन जाम होते. बाटलीचा किंवा छोट्या सांध्याचा खर्च अनेक गाड्यांत काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असतो. हेड उतरवावे लागले, तर तो कित्येक पटींनी वाढतो.

टेम्परेचरच्या काट्यावर पूर्ण विश्वास ठेवणेही धोक्याचे आहे. सेन्सर कूलंटचे तापमान मोजतो. कूलंटच उरले नाही, तर तो हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा खालीच असताना इंजिन भाजून निघू शकते. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो आणि तो पेटतो तेव्हा उशीर झालेला असू शकतो.

रस्त्यात गाडी तापली तर?

मुरबाडकडून माळशेज घाट चढताना वेग कमी आणि इंजिनावरचा भार जास्त असतो. पुणे-नाशिक महामार्गावर कोंडीत गाडी रांगते तेव्हा समोरून वारा लागत नाही. तडा गेलेली टाकी नेमकी अशा वेळी उघडी पडते. त्या वेळी एसी बंद करावा, हीटर आणि पंखा पूर्ण क्षमतेवर लावावा आणि गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी. हीटर इंजिनाची थोडी उष्णता गाडीत ओढतो. काटा लाल रेषेवर असेल किंवा वाफ दिसत असेल, तर इंजिन लगेच बंद करणेच योग्य.

झाकण मात्र लगेच उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर उडते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, पाइप हाताला गार लागेपर्यंत. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर धातूलाही तडा जाऊ शकतो. दुसरे काही नसेल तेव्हा गार झालेल्या इंजिनात साधे पाणी घालून हळू चालवत गॅरेज गाठावे आणि तिथे मिश्रण बदलून घ्यावे.

योग्य दुरुस्ती कोणती?

आधी गळती शोधायची, मग पार्ट मागवायचा. सुकलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवा किंवा गुलाबी ओघळ ही पहिली खूण. खात्रीसाठी इंजिन गार असताना झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब देतात. दहा-पंधरा मिनिटांत दाब उतरला, तर गळती आहे आणि बहुधा ती डोळ्यांना दिसते.

बाटली, सांधा किंवा थर्मोस्टॅटचे घर चिरले असेल तर तो भाग बदलावा, सोबत त्याची रबर सीलही. झाकण जुने असेल तर तेही बदलावे. झाकण अडकून दाब बाहेर सोडत नसेल, तर नवी टाकीही पुन्हा चिरेल. रेडिएटरची प्लास्टिक टाकी गेली म्हणून दर वेळी पूर्ण रेडिएटर टाकावा लागतो असे नाही. जाळी चांगली असेल आणि टाकी मिळत असेल, तर कडेचे पत्रे उघडून नवी टाकी व नवे गॅस्केट बसवता येते. पत्रे वारंवार वाकवले की तुटतात, त्यामुळे हे काम सहसा एकदाच होते.

शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरावे. रंग ही ओळख नाही. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात. यंत्रणेतली हवा काढल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, कारण अडकलेली हवा इंजिन पुन्हा तापवते. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री आणि गुरे ते चाटतात आणि जिवाला मुकतात.

मग मेकॅनिकचा दोष किती?

गावातल्या मेकॅनिकने एम-सील लावले की त्याला नावे ठेवणे सोपे असते. पण त्याच्यापुढे खरा पर्याय किती वेळा असतो? तडा एका सांध्याला गेलेला असतो आणि पार्ट म्हणून अख्खी असेंब्ली विकली जाते. सुटा भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय मिळत नाही, आणि ते गावात नसते. ग्राहकाला गाडी उद्या पहाटे हवी असते. या तिन्हींच्या मध्ये सापडलेला माणूस तडा बुजवतो. जुगाड हा त्याचा स्वभाव नसतो, अडचणीतून काढलेली ती वाट असते.

ही अडचण देशाच्या पातळीवर मान्य झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात व स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे, हा त्यातला मुख्य ठपका होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, पण तक्रारीचा गाभा आजही लागू आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हाच प्रश्न नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांपुढे गेला आणि त्यांनी वाहन दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेतीची अवजारे हे दोन्ही विभाग आहेत. पोर्टल ही माहितीची सोय आहे. सुटा भाग ठरावीक वर्षे, वाजवी दरात आणि कोणत्याही गॅरेजला मिळालाच पाहिजे, अशी सक्ती त्याने होत नाही. ती व्हायला हवी. प्लास्टिक वापरून कंपनीचा खर्च आणि गाडीचे वजन कमी झाले. त्या प्लास्टिकच्या म्हातारपणाचा सगळा भार ग्राहकाच्या खिशावर टाकणे न्याय्य नाही.

तोवर वाहनधारकाच्या हातात तीन गोष्टी आहेत. आठवड्यातून एकदा, इंजिन गार असताना, बाटलीतील पातळी पाहणे. जुन्या गाडीची बाटली, झाकण आणि पाइप तडा जाण्याची वाट न पाहता तपासून घेणे. आणि बिलावर कोणता भाग बदलला हे लिहून घेणे. पार्ट नाकारला गेला किंवा वॉरंटी विनाकारण अडवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. बाटलीतील पातळी पाहायला मिनिटभरही लागत नाही, आणि गळती वेळेत दिसली की हेड उतरवण्याची वेळ बहुधा येत नाही.