जंगल राखणारा कोण?



बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात शहरातले स्वयंसेवक येतात, रात्रभर मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण एक रात्र जागणारा जंगलप्रेमी, आणि दर उन्हाळ्यात वणवा विझवणारा कोरकू अतिक्रमणवाला, हा कुठला न्याय? १९७४ ला व्याघ्र प्रकल्प आला. वाघ त्याआधीपासून होतेच ना? कुणाच्या शेजारी जगले ते?

वनहक्क कायदा २००६ वाचा. कलम ५: जंगल, वन्यजीव, पाणी राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. कलम ४: ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय गाव उठवता येत नाही.

म्हणून गावोगाव ठराव घ्या: कार्यक्रम करायचा तर आधी ग्रामसभेला विचारा. श्रमदानाला जरूर या. पण पाहुणे म्हणून या, मालक म्हणून नको.