एकलहऱ्याला नवा कोळसा नको

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचा नवा संच आलाच पाहिजे, ही नाशिककरांची जुनी मागणी आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता जिथे मिळतो, त्या द्वारका चौकात कांद्याचे, द्राक्षांचे आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मालाचे ट्रक दिवसभर अडकून पडलेले दिसतात. एवढी उलाढाल असलेल्या शहराला स्वतःची भरवशाची वीज हवी, असे कुणालाही वाटेल. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कारखान्यांना चोवीस तास वीज लागते, ऊन मावळते, वारा पडतो, कोळसा मात्र रात्रंदिवस जळतो, शिवाय केंद्र मोडीत निघाले तर त्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे काय? यातला शेवटचा प्रश्न अगदी खरा आहे. पण नवा कोळसा संच हे त्याचे उत्तर नाही.

आधी भरवशाचे पाहू. नाशिक जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. विदर्भातून आणि त्याही पलीकडून शेकडो किलोमीटर रेल्वेने तो आणावा लागतो. एकलहऱ्यातले १४० मेगावॅटचे दोन संच निवृत्त झाले. २१० मेगावॅटचे तीन उरले. असा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे ५० लाख युनिट वीज देतो. युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा धरला, तर एका संचाला रोज जवळजवळ एक अख्खी मालगाडी लागते, आणि भारतीय कोळशाचा तिसरा हिस्सा तरी राख होऊन मागे उरतो. ही राख एकलहऱ्याच्या आसपासच्या गावांनी पन्नास वर्षे सोसली आहे. वाहतुकीचा बोजा विजेच्या दरावर पडतो आणि मागणी उतरली की महाग विजेचे संच आधी बंद ठेवले जातात. २०२१ च्या ऑक्टोबरात कोळशाच्या टंचाईने राज्याला वीज पुरवणारे १३ संच बंद पडले, तेव्हा नाशिकचाही २१० मेगावॅटचा संच त्यात होता. मालगाडी आली नाही की थांबणाऱ्या विजेला भरवशाची कसे म्हणायचे?

सौर वीज महाग असते, हा आक्षेप आता टिकत नाही. राजस्थानातल्या भाडला सौर उद्यानासाठी २०१७ मध्येच २ रुपये ४४ पैसे युनिटचा दर आला होता. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि तिला पुढची २५ वर्षे इंधनाचा खर्च नाही.

या योजनेबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण ‘रात्रीचे काय’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. निफाड-सिन्नरचा शेतकरी वर्षानुवर्षे आठवड्याच्या पाळीने रात्रीची थ्री-फेज वीज घेत आला. रात्री-अपरात्री लाइट आली की हातात बॅटरी घेऊन, थंडीत कुडकुडत मोटर सुरू करायला निघायचे; उसाच्या फडात बिबट्या, बांधावर साप. या माणसाला रात्री पाणी भरायची हौस कधीच नव्हती. कोळशाचे संच रात्री सहज बंद करता येत नाहीत, म्हणून त्यांची वीज त्याच्या गळ्यात मारली गेली. म्हणजे रात्रीच्या मागणीचा मोठा भाग आपणच तयार केलेला आहे. कृषी वाहिनी उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पाला जोडली की हा भाग उन्हात येतो. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ, अशी तरतूद आहे. शेतीपंपांच्या मोफत विजेसाठी राज्य वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये मोजते. उरलेला भार उद्योगांच्या चढ्या दरात शिरतो. शेतीची वीज स्वस्त झाली तर अंबडच्या लघुउद्योजकाचे बिलही हलके होऊ शकते. वाढत्या अर्थव्यवस्थेला याहून मोठी मदत कोणती?

उरते ती संध्याकाळ. इथे सौरसमर्थकांनीही जपून बोलावे. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला, हे खरे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशाचीच आहे. नुसती पॅनेल वाढवून हे अंतर मिटणार नाही, साठवण हवी. ती आपल्याला अनोळखी नाही. इगतपुरीच्या पलीकडे घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. आता स्वस्त वीज दुपारची आहे. बॅटऱ्यांच्या किमतीही वर्षागणिक उतरत आहेत.

शहरानेही आपला वाटा उचलावा. द्वारकेच्या उड्डाणपुलावरून दोन्ही बाजूंच्या गच्च्या पाहा: काळ्या टाक्या, केबलची भेंडोळी, गंजलेल्या पत्र्यांच्या शेड आणि मधूनच कुठे निळी पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्टसाठी आणि पाण्याच्या मोटरसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्याच.

आणि एकलहरे? तिथे उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत, स्विचयार्ड आहे, संपादित जमीन आहे, राखेचे विस्तीर्ण बंधारे आहेत आणि वीजनिर्मितीत हयात घालवलेली माणसे आहेत. नव्या कोळसा संचाला उभे राहायला कित्येक वर्षे लागतील आणि तो पुढची चाळीस वर्षे मालगाडीची वाट पाहील. त्याऐवजी याच जागेवर सौर प्रकल्प आणि मोठी बॅटरी साठवण उभारावी. चालू संच एकेक करून निवृत्त करावेत. कायम आणि कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण देऊन याच आवारात सामावून घ्यावे आणि तशी लेखी हमी आधी द्यावी. एरवी त्यांनी विरोध केला तर तो रास्तच ठरेल. नाशिकच्या आमदार-खासदारांनी ६६० मेगावॅटचा आग्रह सोडून हे मागावे आणि या मागणीत कामगार संघटनांनीही सोबत यावे.