विश्लेषण : लष्कराला ड्रोन विकणाऱ्या स्टार्टअपचा नफा एका वर्षात गायब कसा होतो?

‘आयडियाफोर्ज’ या नवी मुंबईतल्या ड्रोन कंपनीचा आयपीओ जून २०२३ मध्ये आला. २२ शेअरचा एक लॉट, ६७२ रुपये दराने १४,७८४ रुपयांचा. इश्यू १०६ पट भरला आणि ७ जुलैला शेअर १,३०० रुपयांच्या आसपास उघडला. ज्यांना लॉट लागला त्यांचे पैसे एका सकाळीत जवळपास दुप्पट झाले. २०२५ च्या सुरुवातीला तोच शेअर इश्यू किमतीच्या निम्म्याच्या आसपास आला होता. संरक्षण स्टार्टअपमध्ये व्हेंचर कॅपिटलचा पैसा कसा फिरतो आणि कुठे अडतो, हे या एका कंपनीवरून समजते.

आयडियाफोर्जचे नेमके काय झाले?

आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांनी २००७ मध्ये ही कंपनी काढली. संस्थेच्याच ‘साइन’ या इन्क्युबेटरमध्ये ती वाढली. ‘थ्री इडियट्स’मधला तो उडणारा कॅमेरा त्यांचाच. पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसोबत त्यांनी ‘नेत्र’ ड्रोन तयार केला. पुढे इन्फोसिस, क्वालकॉम व्हेंचर्स यांच्यासारख्यांनी पैसे घातले. लष्कराची मोठी ऑर्डर मात्र जानेवारी २०२१ मध्ये मिळाली, सुमारे २ कोटी डॉलरची. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल १४ वर्षांच्या आसपास.

२०२३-२४ मध्ये महसूल ३१४ कोटी आणि नफा सुमारे ४५ कोटी रुपये होता. पुढच्याच वर्षी महसूल १६१ कोटींवर आला आणि सुमारे ६२ कोटींचा तोटा झाला. मुख्य ग्राहक सरकार, आणि सरकारी ऑर्डर लांबल्या. इंजिनीअर, चाचण्या, पगार यांचा खर्च मात्र ऑर्डरची वाट पाहत थांबत नाही. जून २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, तातडीच्या खरेदीतून कंपनीला सुमारे १३७ कोटींची एक ऑर्डर मिळाली. ही एकच ऑर्डर आदल्या अख्ख्या वर्षाच्या महसुलाच्या जवळ जाणारी होती.

व्हेंचर कॅपिटलला हे का झेपत नाही?

असा फंड साधारण दहा वर्षांचा असतो. त्या मुदतीत पैसे गुंतवायचे, कंपनी वाढवायची, हिस्सा विकून बाहेर पडायचे. दहापैकी सात-आठ कंपन्या बुडाल्या तरी एक-दोन इतक्या वाढाव्यात की हिशेब जमावा, असे हे गणित. जेवण घरपोच करणाऱ्या ॲपला कोट्यवधी ग्राहक असतात; रणगाड्यासाठी सेन्सर बनवणाऱ्याला एकच. त्या एका ग्राहकाकडे निविदा, मैदानी चाचण्या, दर ठरवण्याच्या बैठका, मग मंजुरी असा रस्ता आहे आणि त्यात वर्षे जातात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. जनतेचा पैसा खर्च करताना सावधगिरी हवीच, पण तिचा भुर्दंड छोट्या कंपनीला बसतो.

आयडियाफोर्जच्या ५६७ कोटींच्या इश्यूत कंपनीच्या हाती आलेले नवे भांडवल २४० कोटींचे होते. उरलेली रक्कम शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाली. यात बेकायदा काही नाही, आयपीओत हे नेहमीचेच. फक्त अर्ज भरताना हा आकडा फार थोडे लोक पाहतात.

सरकार स्वतः पैसे घालते का?

अमेरिकेत ‘सीआयए’च्या पुढाकाराने १९९९ मध्ये ‘इन-क्यू-टेल’ हा फंड निघाला. त्याने पैसे घातलेली ‘कीहोल’ कंपनी २००४ मध्ये गुगलने घेतली आणि तिच्यातूनच गुगल अर्थ आले. ‘पॅलंटिर’मध्येही या फंडाचा पैसा सुरुवातीलाच होता. पण खरा फायदा रकमेपेक्षा वेगळा होता. गुप्तचर यंत्रणेला नेमके काय हवे, हे त्या कंपन्यांना आधीच कळत होते.

आपल्याकडे २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ सुरू झाले. त्यातून स्टार्टअपला दीड कोटीपर्यंत, ‘आयडेक्स प्राइम’मध्ये १० कोटींपर्यंत आणि २०२४ च्या ‘अदिती’ योजनेत २५ कोटींपर्यंत अनुदान मिळते. कंपनीला तिचा जुळता हिस्सा घालावा लागतो. तो आणायला बहुतेकांना गुंतवणूकदाराकडेच जावे लागते. फेब्रुवारी २०२५ पर्यंत असे ४३० करार झाले होते. मात्र अनुदानाचा करार म्हणजे खरेदीची ऑर्डर नव्हे. राज्यानेही २०१८ च्या धोरणानंतर महाराष्ट्र डिफेन्स अँड एरोस्पेस व्हेंचर फंड उभा केला, त्याचे व्यवस्थापन आयडीबीआय कॅपिटलकडे आहे. कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते त्या काळात ओझरचा मिग कारखाना सरकारने स्वतःच्या पैशातून उभारला. आता जोखीम खासगी गुंतवणूकदाराने घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

कराड-सांगलीशी याचा संबंध काय?

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून दरवर्षी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सची मुले बाहेर पडतात, तासवडे आणि कुपवाड एमआयडीसीत मशिनिंगचे वर्कशॉप आहेत. स्वदेशी सुट्या भागांची मागणी वाढते आहे, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द केले. तेव्हा एखाद्या स्टार्टअपकडून जॉबवर्क आले, तर सीएनसी मशिनसाठी कर्ज काढण्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे : हातात लष्कराची ऑर्डर आहे, की फक्त प्रोटोटाइपचे अनुदान? ऑर्डर असेल तर ती किती नगांची, आणि पहिला हप्ता कधी मिळणार, हेही लेखी घ्यावे.