पुढे काय झालं?

मंडळी, "लंडन म्हणजे इंग्लंडमधलं ना?" या प्रश्नाला आता आमचे चिरंजीव परस्पर उत्तर देतात, "नाही, वॉरफ्रेमवालं!" आमच्याच गावातल्या डिजिटल एक्स्ट्रीम्स कंपनीचा हा व्हिडिओ गेम. अंतराळातल्या योद्ध्याची कल्पना त्यांनी २००४ सालीच मांडली होती, पण २००८ साली 'डार्क सेक्टर' आला तो वेगळंच रूप घेऊन. कंपनीनं चिकाटी सोडली नाही. मूळ कल्पना पुन्हा बाहेर काढून २०१३ साली 'वॉरफ्रेम' आणला, आणि २०१७ साली त्यात मनसोक्त भटकायला मोकळं माळरानही दिलं.

मला वाटायचं, पोराला नुसतं तलवारबाजीचं वेड. एका रविवारी फोनवर आजीनं विचारलं, "काय रे खेळतोस एवढं?" तो मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागला. इतके दिवस आपण ज्याला योद्धा समजत होतो, ते नुसतं शरीर. ते चालवणारं मूल दूर चंद्रावर झोपलंय! (कथेतला हा भाग २०१५ सालचा.)

"अरे, म्हणजे परकायाप्रवेश!" म्हणत आजीनं शंकराचार्यांची गोष्ट काढली. चिरंजीवांनी खेळ थांबवला. "मग पुढे काय झालं?"

मारामारी दोन दिवसांत शिळी होते हो, माणसाला बसवून ठेवतं ते "पुढे काय?" मराठीच्या वर्गाला कंटाळणारा मुलगा आता रविवारच्या फोनची वाट बघतो. आजीची गोष्ट अजून चालूच आहे. बहुधा ती मुद्दामच संपवत नाही!